पाऊस पश्चिमेचा, माणसे पूर्वेची

सह्याद्री म्हटला की आपल्यापुढे घाटमाथा, देश आणि कोकण एवढाच नकाशा उभा राहतो. पण ही डोंगरांची रांग गोव्यापाशी थांबत नाही. ती दक्षिणेकडे जात राहते, पालघाटच्या खिंडीपाशी क्षणभर खाली वाकते आणि खिंडीपलीकडे पुन्हा उठते ती आपल्या सर्वोच्च शिखरापर्यंत. त्या शिखराचे नाव आनमुडी, उंची २,६९५ मीटर. त्याच्या सावलीत मुन्नार हे चहाच्या मळ्यांचे गाव वसले आहे. तिथला बाजारच सुमारे १,५०० मीटरांवर भरतो. आपल्या कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे ही उंची कळते.

मुन्नार या नावाचा अर्थ तीन नद्या. मुतिरप्पुळा, नल्लतण्णी आणि कुंडळा यांचा येथे संगम होतो. डोंगराळ मुलखात सपाट जागा मिळते ती नदीकाठीच. साहजिकच बाजार, रस्ते आणि पूल संगमाभोवती गोळा झाले.

या गावाचे भाग्य ठरवले ते मोसमी वाऱ्याने. अरबी समुद्रावरून आलेले ढग पश्चिम उतारावर रिते होतात आणि कणा ओलांडताना त्यांच्याजवळ फारसे काही उरत नाही. महाबळेश्वरचा पाऊस पाहून माण-खटावच्या माळावर उतरलेल्याला हा पंक्तिप्रपंच समजावून सांगायला नको. मुन्नारहून मरयूरच्या वाटेने चिन्नारकडे निघाले की काही कोसांतच हिरवा डोंगर संपून काटेरी रान लागते. त्याच्या पलीकडे तमिळ मुलखाचा कोरडा पट्टा पसरलेला आहे.

चहाच्या झुडपाला भरपूर पाऊस हवा, पण मुळाशी साचलेले पाणी त्याला सोसत नाही. थंड हवा, आम्ल माती आणि उतार, असे तिन्ही त्याला पश्चिमेच्या अंगाने मिळाले. १८७७ साली पूंजारच्या राजाकडून जॉन डॅनियल मन्रो या इंग्रजाने येथील सुमारे १ लाख ३७ हजार एकर डोंगर करारावर घेतला. त्या डोंगरांत मुदुवन लोक पूर्वीपासून राहत होते. करार झाला तो त्यांच्या डोक्यावरून. आरंभी सिंकोना आणि कॉफी लावून पाहिली, अखेर चहाने बाजी मारली. १८९७ साली कण्णन देवन कंपनी स्थापन झाली आणि डोंगर एकरंगी होऊ लागला.

पण मळा नुसत्या पावसावर पिकत नाही. झाडे तोडायला, रोपे लावायला आणि बाराही महिने पाने खुडायला हात लागतात. हे हात पूर्वेकडून आले. ज्या १८७७ मध्ये तो करार झाला, त्याच सुमारास मद्रास इलाखा भीषण दुष्काळात होरपळत होता. आपल्या दख्खनचीही तीच गत होती. पुढच्या दशकांत कंगाणी म्हणजे मुकादम तमिळ खेड्यांत जात, उचल देत आणि कुटुंबेच्या कुटुंबे डोंगरावर आणीत. ज्या कण्याने त्यांच्या शेतांचा पाऊस अडवला, तोच चढून ही माणसे त्या पावसात राबायला गेली. मुन्नारच्या इतिहासाचे मर्म माझ्या मते येथे आहे.

मालाची वाटही पूर्वेचीच होती. १९०२ साली बैलांनी ओढायची एकरुळी गाडी सुरू झाली, १९०८ मध्ये तिच्या जागी अरुंद रुळांची आगगाडी आली. ती ‘टॉप स्टेशन’पर्यंत जाई, आणि तेथून दोरवाटेने चहाच्या पेट्या तमिळ मैदानात उतरत. गाव त्रावणकोर संस्थानाचे, पण त्याचे तोंड पूर्वेला. १९५६ च्या प्रांतरचनेत तमिळ भाषकांच्या मागणीला न जुमानता हा भाग केरळात राहिला. भाषेचा आणि सीमेचा असा तिढा मराठी वाचकाला नवा नाही.

जुलै १९२४ मध्ये पावसाने आपला हिशेब मांडला. मल्याळी पंचांगाच्या १०९९ या वर्षावरून केरळात हा पूर आजही ‘नव्व्याण्णवचा पूर’ म्हणून ओळखला जातो. संगमाचे गाव उद्ध्वस्त झाले, दरडींनी जुना रस्ता गिळला, आणि आगगाडी अशी गेली की ती पुन्हा कधीच धावली नाही. पुढे नवा रस्ता आला, नेरियमंगलमचा कमानींचा पूल १९३५ मध्ये खुला झाला, मळे पूर्ववत पिकू लागले. मजुरांच्या वस्तीची रीत मात्र बदलली नाही. चढावर चहा आणि पायथ्याच्या सपाटीला, पुष्कळदा ओढ्याकाठी, ‘लयम’ म्हणजे चाळीसारख्या एकाच ओळीतल्या खोल्या. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने मजुराला घर देणे मालकावर बंधनकारक केले, हे खरे. परंतु ते घर नोकरीबरोबर येते आणि नोकरीबरोबर जाते. तीन पिढ्या राबूनही पायाखालची जमीन आपली होत नाही.

२०१५ साली बोनसच्या प्रश्नावरून मळ्यांतल्या बायकांनी ‘पेंबिळै ओरुमै’ या नावाने एकजूट केली, पुढाऱ्यांना बाजूला सारून रस्ता अडवला आणि सरकारला बोलणी करायला लावली. मुन्नारच्या कहाणीत खुडणारणींचा आवाज एवढ्या मोठ्याने प्रथमच ऐकू आला. पण पाच वर्षांनी, ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री, राजमलाजवळच्या पेट्टिमुडीत डोंगराचा कडा लयमांच्या ओळींवर कोसळला आणि ७० माणसे गेली. वीज नव्हती, संपर्क तुटला होता. बाहेरच्या जगाला वार्ता कळायला सकाळ उजाडली. मृतांपैकी अनेकांची मुळे तमिळनाडूच्या तूत्तुकुडी जिल्ह्यातल्या कयत्तार गावाकडची होती. म्हणजे पुन्हा तोच पूर्वेकडचा कोरडा मुलूख.

माळीण २०१४ साली गाडले गेले, इर्शाळवाडी २०२३ साली. सह्याद्रीच्या दरडी आपल्याही ओळखीच्या आहेत. अशा वेळी ‘निसर्गाचा कोप’ म्हणून आपण मोकळे होतो. मुन्नारच्या बाबतीत हे शब्द अपुरे वाटतात. पाऊस किती पडावा हे डोंगराने ठरवले. त्या डोंगराच्या पायथ्याशी रात्री कोणी निजावे, हे मात्र करारांनी, मुकादमांच्या उचलीने आणि नोकरीला बांधलेल्या घरांनी ठरवले. पहिली गोष्ट भूगोलाची आहे. दुसरी इतिहासाची आहे, आणि जे माणसांनी ठरवले ते माणसांना बदलताही येते.