शाळेच्या मैदानावरचे आवाज

मराठी वाचकाला धावते समालोचन म्हटले की क्रिकेट आठवते आणि त्यासोबत आकाशवाणीवरील बाळ पंडितांचा आवाज. परंतु केवळ शालेय मुलांच्या सामन्यांचे वर्णन करण्यात ज्यांचे उभे आयुष्य गेले अशा समालोचकांची परंपरा अमेरिकेत आहे. तेथील इंडियाना राज्याचा इतिहास चाळताना आम्हांस ती विशेष लक्षणीय वाटली.

इंडियानात माध्यमिक शाळांची राज्य बास्केटबॉल स्पर्धा 1911 साली सुरू झाली. शाळा लहान असो वा मोठी, सर्वांसाठी स्पर्धा एकच. 1959 मध्ये न्यूकॅसल या गावी शाळेसाठी बांधलेल्या क्रीडागृहात नऊ हजारांहून अधिक प्रेक्षक बसत. ज्यांना तिकीट मिळत नसे, त्यांच्यासाठी रेडिओ होता. गावच्या केंद्रावरील समालोचक बहुधा सर्व कामे एकहाती करी. दिवसा दुकानदारांकडून जाहिराती मिळवायच्या, सायंकाळी हिमातून मोटार हाकत परगावी जायचे आणि दहा पोरांची नावे अचूक उच्चारायची. आडनाव चुकले की दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई बाजारात भेटणारच!

या परंपरेतील दोन नावे मोठी आहेत. हिलियर्ड गेट्स 1940 मध्ये फोर्ट वेन शहरी आले आणि 1996 मध्ये निधन होईपर्यंत त्याच शहराचे राहिले. टॉम कार्नेगी यांना कुमारवयात पोलिओसारख्या आजाराने ग्रासले. पाय अधू झाल्याने खेळ सुटला, म्हणून त्यांनी वक्तृत्वाची कास धरली. फोर्ट वेनमधील उमेदवारीनंतर 1945 मध्ये ते इंडियानापोलिसला गेले. मोटारशर्यतींचे निवेदक म्हणून 1946 ते 2006 ते जगभर गाजले. पण त्याखेरीज चोवीस वर्षे त्यांनी शालेय अंतिम सामन्यांचे वर्णन केले, तेही बटलर विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक टोनी हिंकल यांना शेजारी बसवून.

20 मार्च 1954 ची रात्र पाहा. जेमतेम अकराशे वस्तीच्या मायलन गावातील 161 विद्यार्थ्यांची शाळा बलाढ्य मन्सी सेंट्रलशी अंतिम सामना खेळत होती. अखेरच्या सत्रात बॉबी प्लम्प हा मुलगा चार मिनिटांहून अधिक काळ चेंडू हाती धरून जागीच उभा राहिला. मैदानावर काहीच घडत नसताना रेडिओवरच्या माणसाने बोलायचे तरी काय? समालोचकाची खरी कसोटी अशा वेळीच लागते, असे आम्हांस वाटते. शेवटच्या क्षणी प्लम्पने चेंडू जाळीत टाकला आणि मायलन 32-30 असे जिंकले. याच कथेवर बेतलेल्या ‘हूजियर्स’ या 1986 च्या चित्रपटात निवेदकांच्या भूमिकांसाठी गेट्स आणि कार्नेगी यांनाच बोलावण्यात आले.

मात्र ‘सर्वांसाठी एकच स्पर्धा’ हे वचन फार काळ अपुरेच होते. 1942 पर्यंत कॅथलिक शाळा आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा या स्पर्धेबाहेर होत्या. आपल्या धर्मबांधवांची मुले 1924 ते 1941 या काळात शिकागोच्या लोयोला विद्यापीठात भरणाऱ्या निराळ्या कॅथलिक स्पर्धेत खेळत. दार उघडल्यावर तेरा वर्षांनी, 1955 मध्ये, ऑस्कर रॉबर्टसनच्या क्रिस्पस ॲटक्स या कृष्णवर्णीय शाळेने राज्यपद जिंकले. सामन्याचे वर्णन गोऱ्यांच्या घरांतही ऐकले गेले. पण विजयाची मिरवणूक शहराच्या मध्यवर्ती चौकात रेंगाळू दिली नाही; ती कृष्णवर्णीय वस्तीतील उद्यानाकडे वळवण्यात आली. समालोचकाचा आवाज जेथवर पोहोचला, तेथवर ती मुले पोहोचू शकली नाहीत.

पुढे 1959 च्या कायद्याने लहान शाळांचे एकत्रीकरण झाले आणि गावागावांचे संघ लोपले. 1997 नंतर स्पर्धाही शाळेच्या आकारमानानुसार विभागली गेली. दरम्यान 1996 च्या दूरसंचार कायद्याने रेडिओ केंद्रांच्या मालकीवरील मर्यादा सैल केल्या, तेव्हा बड्या कंपन्यांनी देशभर केंद्रे विकत घेतली आणि स्थानिक निवेदकांच्या जागा घटल्या. आता अनेक शाळांतील विद्यार्थीच कॅमेरा लावून इंटरनेटवर आपल्या सामन्यांचे प्रक्षेपण करतात. वर्गमित्रांची आडनावे त्यांना आधीच पाठ असतात.