पावलांची लय

वसई तालुक्यांतील गास या गांवाच्या शेजारींच प्राचीन सोपारें आहे. तेथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा सांपडला. या शासनाचा विषय प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे मृगयेला निघत. अशोक धर्मयात्रेला निघाला. राजा कोणत्या हेतूनें बाहेर पडला हें शिळेवर कोरलें गेलें. परंतु त्याच्या मागून चालणाऱ्यांचीं पावलें कोणत्या लयींत पडत होतीं, याची नोंद करण्याची आवश्यकता कोणास वाटली नाहीं.

या लयीवर हुकूम चालविला तो फौजांनीं. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें सुरुंगांनीं तट फोडून वसई घेतली. खिंडारांत शिरणाऱ्या त्या वीरांना डावें-उजवें मोजण्यास सवड कोठली! पुढें डिसेंबर १७८० मध्यें जनरल गॉडर्डनें तोच किल्ला घेतला, तेव्हां त्याच्या हाताखालीं कंपनीचे कवाइती शिपाई होते. मराठ्यांनींही या विद्येची किंमत ओळखली होती. १७६१ सालीं पानपतावर इब्राहिमखान गारद्याचीं कवाइती पलटणें लढलीं, आणि १७८४ सालीं महादजी शिंद्यांनीं डी बॉयनला चाकरीस ठेविलें.

त्या काळच्या बंदुकीचा नेम दूरवर लागत नसे. म्हणून खांद्याला खांदा लावून, रांग न मोडतां पुढें सरकावें लागे. इंग्रज सैन्याच्या १७९२ च्या नियमांत साधें पाऊल मिनिटास ७५ आणि जलद पाऊल १०८ असें ठरविलें होतें. पावलाची लांबी ३० इंच. दोरीला वजन टांगून, त्या लंबकाच्या झोक्यावर शिपायांचे पाय बसवीत. या एकतालाचा एक भलताच प्रताप १८३१ सालीं मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथें दिसला. सैनिकांच्या समताल पावलांनीं तेथील झुलता पूल हेलकावूं लागला आणि कोसळला. तेव्हांपासून पुलावर पाऊल मोडून चालण्याचा हुकूम रूढ झाला!

महाराष्ट्रांत मात्र शिस्तीचा निराळाच प्रकार त्याच सुमारास रुजला. आळंदीच्या पालखी-सोहळ्याला आजची घडी बसविणारे हैबतरावबाबा आरफळकर हे पूर्वी शिंद्यांच्या पदरीं होते. दिंड्यांचे क्रम, चालण्याच्या व थांबण्याच्या वेळा, हें सारें फौजेला शोभेल असें नेमून दिलेलें आहे. पण नेमलेली आहे ती जागा, पाऊल नव्हे. टाळ-मृदंगाच्या नादांत म्हातारी आपल्या पावलानें चालते, पोर आपल्या. पंढरी दोघांनाही गांठते.

यांतील मर्म शास्त्रज्ञांनीं फार उशिरां मोजलें. १९९६ सालीं बॉस्टन येथील हाउसडॉर्फ, पेंग, गोल्डबर्गर प्रभृतींनीं दहा निरोगी तरुणांना तासभर चालविलें. कोणाचेंही पाऊल घड्याळासारखें पडत नव्हतें. प्रत्येक वेळीं किंचित् कमी-अधिक काळ लागे. तथापि तो फरक स्वैर नव्हता. आतांच्या पावलाचें नातें शेंकडों पावलांमागच्या पावलाशीं जुळत होतें, जणूं पायांनाही स्मरण असावें. मग तालयंत्र लावून त्याच्या ठोक्यावर चालविलें, तेव्हां तें स्मरण नाहींसें झालें. पुढच्याच वर्षीं असें दिसून आलें कीं वृद्धांच्या चालींत हें नातें क्षीण होतें, आणि हंटिंग्टनच्या मज्जाविकारानें पीडलेल्यांत तें अधिकच विस्कटतें. रोग जितका बळावलेला, तितकें अधिक.