शत्रूचे संगोपन

शेतकरी ज्या किडीच्या नायनाटासाठी रात्रंदिवस झटतो, तीच कीड शास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत जिवापाड जपून वाढवितात, असे सांगितले तर ऐकणारास नवल वाटेल. परंतु शत्रूशी लढावयाचे तर त्याचा स्वभाव ठाऊक हवा, आणि स्वभाव कळावयास सहवास हवा.

कापसावरील गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घ्या. १८४० च्या दशकात भडोचकडील कापसाच्या मळ्यांतून विलायतेस गेलेल्या नमुन्यांवरून साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. म्हणून वरून मारलेले औषध तिला सहसा पोचत नाही. तिचा अभ्यास करावा, तर बोंडांचा हंगाम काही महिन्यांचाच. बारमाही ताजी बोंडे आणावयाची कोठून? तेव्हा कापसावाचून ही अळी जगविता येईल काय, हा प्रश्न उभा राहिला.

मांसावर वाढणारी माशी कृत्रिम अन्नावर पोसण्याचा प्रयोग बोगदानोव्ह यांनी १९०८ मध्ये केला होता. पण हिरव्या पिकावर जगणाऱ्या पतंगांच्या अळ्या जात्याच चोखंदळ. अमेरिकेत बॉटगर यांनी १९४२ मध्ये मक्याचे खोड पोखरणाऱ्या अळीसाठी कृत्रिम अन्नाचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि वाट मोकळी झाली. १९५६ मध्ये टेक्ससमध्ये एर्मा व्हँडरझँट व रेमंड रायझर यांनी गुलाबी बोंडअळी निर्जंतुक कृत्रिम अन्नावर वाढविली. १९६० मध्ये ॲडकिसन व त्यांचे सहकारी यांनी त्या अन्नात गव्हाच्या दाण्यातील अंकुर मिसळला. हा साधा पदार्थ पुढे अनेक किडींस मानवला.

या अन्नाची कृती एखाद्या सुगरणीस सहज समजेल. आपल्याकडे घाटेअळीसाठी हरभऱ्याचे पीठ घेतात. त्यात यीस्ट, जीवनसत्त्वे आणि बुरशी रोखणारी द्रव्ये घालतात. समुद्रशैवालापासून काढलेले अगर पाण्यात उकळून त्यात मिसळले की मिश्रण वडीसारखे थिजते. क जीवनसत्त्व मात्र मिश्रण कोमट झाल्यावरच घालावयाचे, कारण उष्णतेने ते नष्ट होते. शिवाय या अळ्या एकमेकींस खातात. म्हणून प्रत्येकीस स्वतंत्र कप्पा द्यावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? घाटेअळीस मारणारा एक विषाणू आहे. तो जिवंत पेशींतच वाढतो. म्हणून तो विपुल मिळवावयाचा तर निरोगी अळ्याही विपुल हव्यात. दुसरा उपयोग अधिक विलक्षण. अमेरिकेत गुलाबी बोंडअळीचे लाखो पतंग वाढवून, किरणोत्साराने त्यांना वंध्य करून शेतांवर सोडण्यात आले. रानातील पतंगांचा त्यांच्याशी संयोग झाला तरी वंश वाढत नाही. अळीच्या अन्नात लाल रंग मिसळलेला असे. त्यामुळे सापळ्यात सापडलेला पतंग प्रयोगशाळेतला की रानातला, हे त्याला चिरडताच कळे. या उपायास बीटी कापूस, कामगंध आणि पिकाच्या अवशेषांचा वेळीच नाश यांची जोड मिळाली, आणि २०१८ मध्ये तेथील कापूस या अळीपासून मुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

आपल्याकडची कहाणी निराळी. बीटी कापसास भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. परंतु गुजरातेतील गुलाबी बोंडअळी त्यातील पहिल्या विषास दाद देत नाही, असे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे दोन विषांचे वाणही तिला रोखू शकले नाहीत, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्यांच्या हातचे पीक तिने हिरावून नेले. अळीची ही वाढती सहनशक्ती मोजावयाची कशी? त्याच कृत्रिम अन्नात विषाची ठराविक मात्रा मिसळून अळ्यांना चारावयाची आणि किती जगल्या ते मोजावयाचे. शेतात संकट उघड होण्यापूर्वीच या चाचणीतून त्याची चाहूल लागू शकते.

अर्थात प्रयोगशाळेतील सुखवस्तू अळी ही रानातल्या अळीची हुबेहूब प्रतिकृती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आयते खाऊन तिचा स्वभाव पालटतो; म्हणून मधून मधून रानातील अळ्या आणून त्यांच्यात मिसळाव्या लागतात. तसेच चाचणीने दिलेला इशारा बांधावर वेळेवर पोचला नाही, तर ती चाचणी वहीतच राहते. पऱ्हाट्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत शेतात उभ्या राहिल्या, की बोंडअळीस पुढील हंगामापर्यंतचा निवारा आपणच देतो. प्रयोगशाळेत शत्रूचे संगोपन विद्येसाठी होते. शेतात ते आपल्या हयगयीने होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.