भायखळ्याचं म्युझियम वाचलं, मग आपल्या दगडी इमारती का नाही?

नांदेड-लातूरची माणसं मुंबईला गेली की राणीची बाग बघतात. पण तिला लागूनच असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात फार थोडे शिरतात. त्या इमारतीची गोष्ट मला आपल्यासाठी महत्त्वाची वाटते.

१८७२ साली उघडलेलं हे मुंबईतलं सगळ्यात जुनं संग्रहालय. ते व्हावं म्हणून भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट यांनी मोठी खटपट केली. आत ओतीव लोखंडाचे नक्षीदार खांब, कठडे, सोनेरी मुलामा. पण विसावं शतक संपता संपता इमारतीची पार रया गेली होती.

२००३ मध्ये महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी करार केला. वास्तू पालिकेचीच राहिली, जाणकार आणि पैसा सोबतीला आला. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला, २००८ मध्ये दारं पुन्हा उघडली.

आता आपल्याकडे या. कंधारला अवाढव्य क्षेत्रपालाचे अवशेष आहेत, होट्टलला चालुक्यांची देवळं, खरोशाला लेणी. शेजारच्या तेरचं संग्रहालय तर रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंवर उभं राहिलं. म्हणजे ठेवा आहे, जमवणारी माणसंही झाली.

माझं म्हणणं एवढंच, की निजामकाळातली कचेरी किंवा शाळा 'धोकादायक' म्हणून पाडण्याआधी तिथं संग्रहालय होईल का, हे जाणकारांकडून तपासून घ्या. नवी इमारत कधीही बांधता येते हो, जुनी येत नाही.

तुमच्या गावात अशी वास्तू असेल तर सांगा. आपण मिळून निवेदन देऊ.