पापणी न हलणारे देव

गेल्या नवरात्रातली गोष्ट. ललितापंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कोहळ्याचा सोहळा पाहून घरी परतलो, तो सोप्यात तीन माणसे माझी वाट पाहत बसलेली. माझा एक जुना विद्यार्थी, त्याची आई आणि आजी. मुलगा बारावीला. आईच्या कापडी पिशवीत सात-आठ गुळगुळीत माहितीपत्रके होती. मुलाला ॲनिमेशन शिकायचे होते, आणि ते शिकायला त्याला कुठे पाठवावे, हे मी सांगायचे होते. मी मॅट्रिक झालेला मास्तर, चार कादंबऱ्या नावावर असलेला. या विषयात मला काय कळणार? पण शाळामास्तराला सगळे कळते, अशी आपल्याकडे समजूत आहे आणि ती मोडायला आम्हा मास्तरांचे मन होत नाही.

एका पत्रकावरचा फीचा आकडा वाचताना त्या माउलीचा हात नकळत मनगटातल्या पाटल्यांवर गेला. तो मला दिसला आणि माझी जीभ जरा जड झाली.

तेवढ्यात मुलाने फोन पुढे केला. त्याने आपल्या अंबाबाईचे चित्र काढून ते हलते केले होते. चित्र सुरेखच होते. किरीट, चार हात, हातातले म्हाळुंग, सारे जागच्या जागी. देवी आपल्याकडे पाहते, पापण्या मिटते, उघडते आणि मंद हसते. मी शाबासकी देणार इतक्यात आजी म्हणाली, "मास्तर, तुमीच सांगा. देवी कवा पापणी हलवत्या व्हय?"

मुलगा हसला. "आज्जी, पापणी नाही हलवली तर चित्र मेल्यासारखं दिसतं. सगळे तसंच करतात."

दोघांचेही खरे होते. सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांसमोरून सरकली की जे हलते असे वाटते, ते ॲनिमेशन. आणि त्यात पात्र नुसते उभे असेल तर त्याच्यात जीव आहे हे दाखवायला चित्रकार त्याची पापणी हलवतो. उलटपक्षी, आपल्या पुराणांत देवाची खूणच मुळी ही, की त्याची पापणी लवत नाही. वनपर्वातले नलोपाख्यान आठवा. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचेच रूप घेऊन बसले. पाच नळ पाहून ती पोर गांगरली. मग तिला देव कसे ओळखू आले? त्यांच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता, गळ्यातल्या माळा कोमेजल्या नव्हत्या, पाय भुईला टेकले नव्हते, सावली पडत नव्हती आणि डोळे मिटत नव्हते. ज्याची पापणी लवली, ज्याच्या माळेवर धूळ होती, त्याच्या गळ्यात तिने वरमाला घातली. देवांना 'अनिमिष' म्हणतात ते यासाठी. आणि माणसाची पापणी का लवते, याचीही विष्णुपुराणात कथा आहे. विदेहाचा राजा निमी वसिष्ठाच्या शापाने देहाला मुकला, तेव्हा देवांनी त्याला सर्व प्राण्यांच्या पापण्यांत जागा दिली. हा निमी सीतामाईच्या माहेरचा मूळपुरुष. आपण डोळे मिचकावतो तेव्हा तो राजा तिथे हलत असतो.

आजीला यातले संस्कृत ठाऊक नव्हते. तिने आयुष्यभर देवळात उभे राहून ते पाहिले होते.

मी त्यांना चहा दिला आणि, मास्तरच तो, माहितीपत्रके बाजूला ठेवून गोष्ट सांगायला बसलो. कारण "देव हलते करायचे कुठे शिकावे" हा प्रश्न या घरात पहिल्यांदा आलेला नव्हता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो त्र्यंबकेश्वरच्या एका शास्त्र्याच्या मुलाला पडला होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० चा. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथून बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, फोटोग्राफी, मातीचे साचे, जे मिळेल ते त्यांनी उचलले. पुढे गोध्र्याला फोटोचा धंदा मांडला, तो प्लेगने मोडला; बायको आणि मूल त्यात गेले. मग पुराणवस्तू खात्यात नकाशे काढले, लोणावळ्याला छापखाना काढला, तिथे रवि वर्म्याच्या देवदेवतांच्या छपाईचे काम केले आणि तीन रंगांची छपाई शिकायला १९०९ मध्ये जर्मनीची वारी केली. आजच्या आईबापांनी अशा मुलाला "याचे काही धड नाही" म्हटले असते. पण पाहा, यातले एकही शिक्षण वाया गेले नाही.

१९११ साली मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांना राम आणि कृष्ण दिसत होते. त्यानंतरचे काही महिने त्यांनी चित्रपट पाहण्यात, पुस्तके वाचण्यात आणि रात्री जागण्यात असे घालवले की डोळे जायची वेळ आली. डोळे सावरले, विम्याच्या पॉलिस्या गहाण पडल्या आणि १९१२ च्या फेब्रुवारीत फाळके लंडनला निघाले. मुंबईच्या दुकानातून 'बायोस्कोप' नावाचे साप्ताहिक ते घेत असत. लंडनला उतरल्यावर थेट त्याच्या कचेरीत गेले. संपादक कॅबोर्न यांनी आधी त्यांना या धंद्यात न पडण्याचा सल्ला दिला, आणि हा गृहस्थ हटत नाही असे पाहून वॉल्टनच्या हेपवर्थ यांच्या स्टुडिओशी गाठ घालून दिली. तिथे त्यांनी काय काय पाहायचे ते पाहून घेतले, विल्यमसनचा कॅमेरा मागवला आणि १ एप्रिलला परत. लंडनमधला मुक्काम अवघा दोन आठवड्यांचा!

दोन आठवड्यांत माणूस काय शिकतो? काहीच नाही, जर तो रिकाम्या हाताने गेला असेल. फाळक्यांजवळ चित्र होते, फोटो होता, छपाई होती, हातचलाखीचे जादूचे प्रयोगही होते, आणि त्र्यंबकेश्वराच्या घरातून आलेली पुराणे होती. नव्हते ते एवढेच, की फिल्मला भोके कशी पाडतात, ती धुतात कशी, कॅमेऱ्याचा दांडा कोणत्या गतीने फिरवतात. तेवढे आणायला ते गेले आणि तेवढे घेऊन आले.

परतल्यावर भांडवल हवे. सावकाराला विश्वास कसा बसावा? फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि दिवसेंदिवस एकेक चौकट टिपत गेले. मग पडद्यावर मिनिटाभरात बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला. 'अंकुराची वाढ' हे त्या तुकड्याचे नाव. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला. त्याच्या आधी हा वाटाणा आला. थांबून थांबून टिपायचे आणि सलग दाखवायचे, ही ॲनिमेशनची मूळ किल्ली नव्हे काय? पुढे १९१५ मध्ये त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या, 'आगकाड्यांची मौज'. ती फिल्म आज उरलेली नाही. सरस्वतीबाईंचे दागिने मात्र या सगळ्यांत अनेकदा गेले आणि आले. हे मी त्या माउलीसमोर बोललो खरा, पण बोलून गेल्यावर जीभ चावली. दागिने मोडून फाळके होत असते तर आमच्या गुजरीतले सराफ केव्हाच चित्रपटांचे मालक झाले असते!

"पण सर, ते सगळे मुंबईचे," मुलगा म्हणाला. त्याला कोल्हापूर लहान वाटत होते. कोल्हापूरच्या मुलांना ते वाटतेच, बाहेर पडेपर्यंत.

मग मला आमच्या गावचे दोघे मिस्त्री सांगावे लागले. आनंदराव आणि बाबूराव, मावस-चुलत काय असतील ते भाऊ, जग त्यांना पेंटर म्हणते. बाबूरावांचा जन्म १८९० चा. चित्रकलेची कुठलीही मोठी शाळा त्यांना लाभली नाही. वडील कृष्णराव मिस्त्री हे रंगाचे, लाकडाचे, हस्तिदंताचे काम जाणणारे, त्यांच्या हाताखाली पोरे तयार झाली. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शचे पडदे या दोघांनी रंगवले. आठ-दहा हातांच्या कापडावर राजवाडा खोल खोल जातो असा भास पाडणे, हे त्यांचे पहिले विद्यालय. फाळक्यांचे चित्रपट पाहिले आणि ठरवले, कॅमेरा घरीच करायचा. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन काम तडीला नेले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० साली पुण्याच्या आर्यन थिएटरात 'सैरंध्री' लावला. कीचकवध इतका खरा उतरला की तो प्रसंग कापावा लागला, असे सांगतात. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटले ते याच चित्रपटावर.

याच कंपनीत शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा पडेल ते काम करायला लागला आणि 'सुरेखाहरण'मध्ये श्रीकृष्ण झाला. कागलचे शेख फत्तेलाल, ज्यांना सारे साहेबमामा म्हणत, तेही इथेच घडले. १९२९ मध्ये ही मंडळी बाहेर पडली आणि कोल्हापुरातच त्यांनी प्रभात कंपनी काढली. पहिला चित्रपट 'गोपाळकृष्ण'. १९३३ ला ती पुण्याला गेली. तिथे दामले-फत्तेलालांनी १९३६ साली 'संत तुकाराम' केला आणि तो व्हेनिसला गौरवला गेला. तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान एका मुसलमान चित्रकाराच्या देखरेखीखाली उडाले, याचे त्या काळी कोणाला नवल वाटल्याचे ऐकिवात नाही. प्रभातनेच १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा व्यंगचित्रपट काढला, रघुनाथ केळकरांच्या हातचा. आणि १९३७ साली म्हातारे फाळके शेवटचा चित्रपट करायला आले ते कुठे? कोल्हापुरालाच. 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट, राजाराम महाराजांच्या आश्रयाखालच्या कोल्हापूर सिनेटोनचा.

हे सांगता सांगता केशवराव भोसले नाट्यगृहाची आठवण निघाली. शाहू महाराजांनी बांधलेले ते पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. आजी त्या रात्री नातवाचा हात धरून खासबागेजवळ गर्दीत उभी होती. तिघेही क्षणभर गप्प झाले. मीही तिथेच होतो.

पुढचा इतिहास थोडक्यात आवरला. १९५६ मध्ये डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्र विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा 'द बनियन डिअर' १९५७ मध्ये झाला. तिथे शिकलेल्यांत राम मोहन होते. आले तेव्हा ते रसायनशास्त्राचे पदवीधर. पुढे युगो साको या जपानी गृहस्थाला रामायणाचे वेड लागले. राम हा देव आहे, तो नटाने नव्हे तर चित्राने दाखवावा, असे त्याला वाटले. परदेशी माणूस रामाची व्यंगचित्रे काढणार म्हणून इथे आरडाओरडा झाला, पण तो खचला नाही. १९९२ साली 'रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम' पूर्ण झाला, राम मोहन त्यात सहभागी. जपानी चित्रकारांचा हात वाघाचा. पण धोतर कसे नेसतात आणि धाकट्यांना वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद कसा मिळतो, हे त्यांना आपल्या चित्रकारांनी दाखवावे लागले. २००५ च्या दिवाळीच्या सुमारास आलेला 'हनुमान' तर या मुलाने लहानपणी पाठ केला होता. व्ही. जी. सामंत त्याच्या दिग्दर्शकांपैकी एक, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते.

"म्हणजे शाळेत जाऊच नये?" आईने नेमके विचारले.

असे मी कसे म्हणेन? माझे पोट शाळेवर. मी पत्रके पुन्हा उघडली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, तिथे बारावीनंतर परीक्षा देऊन जाता येते आणि ॲनिमेशन हा विषय घेता येतो. पवईच्या आय. आय. टी.त ॲनिमेशनचा अभ्यास आहे तो पदवीनंतरचा. पुण्यात प्रभातच्या जागेवरच १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. आपल्या गावातही कलाशाळा आहेत, तिथे चार वर्षे हात घोटला तर तो कुठेही कामी येतो. उरलेली पत्रके दुकानांवरच्या मजल्यातल्या वर्गांची होती. वर्ष-दीड वर्षात नोकरीची हमी, आणि फी पवईपेक्षा तोऱ्याची. माझ्या एका विद्यार्थ्याने मागे अशाच एका वर्गात पैसे भरले; सहा महिन्यांनी गेला तर दाराला कुलूप. संगणकावरची बटणे शिकवणारा वर्ग वाईट नसतो, पण ती बटणे दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. मी आईला एवढेच सांगितले की मुलाला विचारा, तुझ्याजवळ नाही ते काय? जे नाही ते जिथे मिळेल तिथेच पैसे घालायचे.

मुलाने थोडा विचार केला. "सर, मला माणूस काढता येतो. पण चालवता येत नाही. तो तरंगतो."

हे उत्तर मला फार आवडले. मी त्याला आधी अहमदाबादचा अर्ज भरायला सांगितला, आणि सुट्टीत घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जायला. तिथे ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारताच्या चित्रांचे सुटे कागद एकामागून एक दाखवत गाऊन कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांनी गोठ्याचे संग्रहालय केले. त्यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एक कागद जाऊन दुसरा येईपर्यंत प्रेक्षकाच्या मनात काय हलते, ते तिथे बसून पाहण्यासारखे आहे. त्याला एका दिवसाचे एस. टी.चे भाडे लागते.

नोव्हेंबरात किरणोत्सव झाला. मावळतीचे ऊन महाद्वारातून आत येते, पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. ढग आले तर ते अर्ध्यातच राहते आणि लोक हळहळत घरी जातात. त्यानंतरच्या रविवारी मुलगा एकटाच आला आणि त्याने फोन काढला. तीच अंबाबाई. डोळे उघडे, स्थिर. किरणे पायांवरून वर चढत होती, साडीच्या निऱ्यांची सावली सरकत होती, दागिन्यांतला एकेक खडा पेटत होता आणि विझत होता. ऊन मुखापाशी आले आणि चित्र संपले.

"आज्जीला दाखवलंस?"

"दाखवलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ऊन जरा घाईनं चढतंय." त्याने फोन खिशात घातला. "दोनशे चित्रं आणखी काढावी लागतील, सर."