जयपूर फूट

पाय गमावलेल्या व्यक्तींसाठी जयपूर येथे १९६८च्या सुमारास घडवलेला रबरी कृत्रिम पाय. सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि जेमतेम शाळा शिकलेले कारागीर रामचंद्र शर्मा ऊर्फ मास्टरजी यांच्या जोडीचे हे काम.

त्याआधी मिळणारे पाय पाश्चात्त्य धाटणीचे असत. त्यांचा घोटा वळत नसे आणि वर बूट चढवावाच लागे. खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ते ठीक होते. पण बुटासकट देवळात जाता येत नाही की चिखलणीला उतरता येत नाही, उकिडवे बसणे तर दूरच. म्हणून मिळालेला पाय कोपऱ्यात टाकून लोक पुन्हा कुबड्या घेत.

हाडासांध्यांचे गणित सेठींचे, हातातली कला शर्मांची. सायकल पंक्चर झाली म्हणून थांबलेल्या शर्मांनी ट्रकच्या टायरवर रबर चढवताना पाहिले आणि तिथूनच ही कल्पना निघाली, अशी हकिगत सांगतात. नुसत्या भरीव रबराचा पाय जड आणि ताठ निघाला. मग टाचेला व चवड्याला स्पंज रबराचे ठोकळे, घोट्यात हलके लाकूड, त्याभोवती टायरमधले दोऱ्याचे रबर आणि सर्वांत वर कातडीच्या रंगाचे रबर असे थर रचून साच्यात तापवून एकजीव केले. हा पाय घोट्यात सगळीकडे लवतो, भिजला तरी चालतो आणि अनवाणी वापरता येतो. वरची पोटरी आधी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असे, पुढे प्लॅस्टिकच्या पाइपची झाली.

तरीही पहिली काही वर्षे तो मोजक्याच रुग्णांना मिळाला. १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि पाय मोफत बसवून देण्याची व्यवस्था उभी राहिली. हा वाटा घडवणाऱ्यांच्या वाट्याइतकाच मोठा मानायला हवा. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन हाच पाय लावून पुन्हा रंगमंचावर आल्या. त्यांच्यावरील ‘मयूरी’ (१९८५) चित्रपटाने तो घराघरांत पोचवला.

१९८१चा मॅगसेसे पुरस्कार सेठींना मिळाला. शर्मांचे नाव मात्र बराच काळ मागेच राहिले, आणि ते अन्यायाचेच होते. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी समितीबरोबर स्वस्त ‘जयपूर नी’ हा गुडघा तयार केला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९च्या उत्कृष्ट शोधांत त्याची गणना केली.