उपवासातली हुडहुडी

आळंदीला कार्तिकीत उपवासानं कुडकुडणाऱ्या एका आजीला मी घोंगडी दिली. म्हणाली, "बुवा, व्रतात चालतं का?" तिला सांगितलं ते ऐका.

१३ जानेवारी १९४८. दिल्लीची कडाक्याची थंडी. हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून ७८ वर्षांचे गांधीजी बिर्ला भवनात उपोषणाला बसले. अन्न हे जठराग्नीचं सरपण. ते थांबलं की देह आतून गारठतो. मग महात्मा असो की तुमच्या-आमच्यासारखा! गुडघे पोटाशी घेऊन, पांघरूण ओढून ते खाटेवर पडून राहत. पांघरुणानं उपोषण मोडलं नाही. ते सुटलं १८ तारखेला, पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिली तेव्हा.

आजीनं घोंगडी डोक्यावरून घेतली नि टाळ उचलले.